बाहीवरची हिरवी पट्टी

‘वेण्डाम,’ शांभवी म्हणाली आणि बॅग खांद्याला अडकवून कॉलेजला निघून गेली. सांबशिवच्या हातातली कॉफी हातातच राहिली. एवढंच झालं होतं. ‘नको’ म्हणायच्या ऐवजी पोरीने तमिळमध्ये ‘वेण्डाम’ म्हटलं, यात आभाळ कोसळण्यासारखं काय होतं? तंजावरच्या माणसाच्या कानावर दिवसभर दुसरं पडतं तरी काय? भाजीवालीशी, ओरत्तनाडूच्या बसमधल्या कंडक्टरशी, शाळेत गणित शिकवताना पोरांशी तो स्वतः तमिळच बोलायचा, आणि खरं सांगायचं तर त्याला स्वप्नंसुद्धा बहुतेक तमिळमध्येच पडायची. पण घरात मराठी. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं. चप्पल काढतात तशी तमिळ बाहेर काढायची आणि आत यायचं, इतकी साधी गोष्ट होती ती. आणि आज पोरगी चप्पल घालून स्वयंपाकघरापर्यंत आली होती. एकदा झालं असतं तर तो विसरलाही असता. पण संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी तेच. तो विचारायचा, ‘जेवलीस का गे?’ आणि ती म्हणायची, ‘साप्टेन.’ जेवले. रागाने नव्हे, तोंड फुगवून नव्हे, अगदी शांतपणे. कामाक्षी, त्याची बायको, म्हणाली, वय आहे, होईल सरळ. आवणी महिना गेला, दिवाळी गेली, मार्गळी महिन्यातल्या पहाटेच्या रांगोळ्या झाल्या, तरी काही सरळ झालं नाही. आपण मेल्यावर आपल्यासाठी ही पोरगी रडेल तीसुद्धा तमिळमधूनच रडेल, असं सांबशिवला एकदा बसमध्ये बसल्याबसल्या वाटलं, आणि तो आपला स्टॉप सोडून पुढे गेला.

कारण त्याला माहीत होतं. न माहीत असायला काय झालं, तो तिथेच तर बसला होता. गल्लीतल्या बाळकृष्णरावांच्या लक्ष्मीप्रियाचा साखरपुडा होता, आणि मुलगा पुण्याचा. कॉम्प्युटरवाला, वर्षभरात अमेरिकेला जाणारा. अडीचशे-तीनशे वर्षं इथल्या इथेच सोयरिकी करत आलेल्या माणसांच्या घरी थेट पुण्याहून व्याही येणार, म्हणून सगळी गल्ली नुसती फुलून गेली होती. आपली माणसं येणार. आपली. आली, आणि चांगलीच माणसं होती ती, वाईट म्हणायला एकही जागा ठेवली नाही त्यांनी. शांभवी पंगतीत वाढत होती. मुलाच्या मावशींनी पाणी मागितलं, स्वतःच उठायला लागल्या, तर ही म्हणाली, ‘मी घेऊन येतें, तुम्हीं बसून असा.’ झालं. मावशींनी हातातला घास खाली ठेवला. ‘अय्या, बसून असा! अहो ऐकलंत का, किती गोड! अगदी ऐतिहासिक नाटकातल्यासारखं!’ मग इकडच्या चार बायका, तिकडचे दोन पुरुष. मावशींच्या यजमानांकडे हातात मावेल एवढा व्हिडिओ कॅमेरा होता. ते म्हणाले, थांब थांब, पुन्हा म्हण, इकडे बघून म्हण. पोरीने म्हटलं. हशा झाला. पुन्हा म्हण, आवाज नीट आला नाही. तिने पुन्हा म्हटलं, पण त्या वेळी तिचा आवाज आपल्या घरातला नव्हता, हे सांबशिवला पंगतीच्या या टोकाला कळलं. मग मावशी त्याच्याकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, ‘आणि तुम्ही कुठे शिकलात हो मराठी?’ शांभवी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होती. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती. कुठे शिकलो? पाळण्यात शिकलो, म्हणायचं होतं त्याला. मनात वाक्य तयार होतं, शब्द न् शब्द जागच्या जागी होता, पण ते बाहेर पडलं की त्याचंही ‘किती गोड’ होणार, त्याच्यावरही कॅमेरा वळणार, हे त्याला दिसलं. तो नुसता हसला. शांभवीने तांब्या खाली ठेवला आणि ती मागल्या दारी निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफी.

लग्न ठरलं ते तै महिन्यातलं, संक्रांतीनंतरचं. सकाळचा मुहूर्त मंडपात, आणि संध्याकाळचं रिसेप्शन त्या नव्या हॉटेलात. रिसेप्शनची पत्रिका हातात आली आणि सांबशिवच्या डोक्यात एक गोष्ट लखकन चमकून गेली. तंजावरला जागतिक तमिळ परिषद भरली त्याच्या आधीची, तिच्यासाठी रस्ते रुंद होत होते तेव्हाची गोष्ट. ते हॉटेल तेव्हा बांधून होत आलं होतं. तिथला एक मॅनेजर बाळकृष्णरावांबरोबर त्याच्या घरी आला होता, बरोबर एक चित्र काढणारा. इथल्या मराठी घराण्यांच्या जुन्या वस्तू बघायच्या होत्या त्यांना. सांबशिवने आजोबांचा फोटो काढून दिला होता. हनुमंतराव, राजवाड्याच्या देवस्थानात कारकून, दसऱ्याच्या पोशाखात. आणि फोटोवर भागेना म्हणून त्याने पेटीतून प्रत्यक्ष तो अंगरखा काढून दाखवला होता, गोल डब्यातली बांधीव पगडीसुद्धा. चित्रकाराने बसून सगळं उतरवून घेतलं, बाह्या, बंद, काठ, रंग. मॅनेजर म्हणाला होता, सार, आम्ही हे अगदी समोर ठेवणार, आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक माणसाला दिसेल असं. सांबशिवने त्यांना दोनदा कॉफी पाजली होती. त्यानंतर तो काही त्या हॉटेलात गेला नाही. शाळामास्तराला तिथे काय काम? पण त्या रस्त्याने बस गेली की तो मान वळवून बघायचा, आणि त्याला वाटायचं, त्या काळ्या काचांच्या आत, भिंतीवर, चांगल्या चौकटीत, आजोबा आहेत.

तर आता तो आजोबांचा अंगरखा घालून जाणार होता. भिंतीवर चित्र आणि चित्राखाली तोच अंगरखा घातलेला नातू. काही बोलायची गरजच उरणार नाही. पुण्याची माणसं एकदा वर बघतील, एकदा खाली बघतील, आणि समजतील. आणि त्यांच्याकडे शांभवी बघेल. तिला काय दिसेल? आपली भाषा नाटकातली नाही, अंगावर घालायची आहे, असं काहीतरी. त्याला नीट मांडता येत नव्हतं, पण त्याला खात्री होती. ती बघेल, आणि रात्री घरी येऊन एक शब्द बोलेल. एकच. नको म्हणाली तरी चालेल, पण ‘नको’ म्हणाली पाहिजे. कामाक्षीने कपाळाला हात लावला. जमलेले सगळे पुरुष रेशमी वेष्टी नेसून येणार, फार तर एखादा कोट घालणार, आणि हे असे दसऱ्याचा हत्ती होऊन जाणार. तिने तेही बोलून दाखवलं, वर विचारलं, गोंडे लावूं का दोन्ही कानांस? तो हसला नाही, तेव्हा ती गप्प झाली आणि तिने पेटी उघडून दिली. कापराचा वास घरभर झाला. अंगरखा साईच्या रंगाचा, रेशमी, जरीचे काठ काळवंडलेले, आणि डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर, चार बोटं रुंद मोरपिशी हिरवी पट्टी. ती पट्टी मुळातली नव्हती. एका दसऱ्याला मिरवणुकीत टेंभ्याचं जळतं तेल आजोबांच्या हातावर पडलं आणि बाही जळाली. नवा अंगरखा शिवायची ऐपत नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी दरबारात उभं राहायचं होतं. आजीने, वेंकूबाईने, आपलं लग्नातलं हिरवं लुगडं फाडलं आणि त्याचा तुकडा त्या भोकावर बसवून दिला. आजोबा म्हणे तो हात पाठीमागे घेऊन उभे राहिले, जन्मभर. फोटोत मात्र फोटोवाल्याने हात पुढे घ्यायला लावला, म्हणून पट्टी दिसते. सांबशिवने बाहीत हात घातला. अंगरखा छातीवर बरा बसला. पगडी मात्र डोक्याला लहान होती. दाबून बसवली तेव्हा कानशिलं ठणकायला लागली.

शांभवी दुपारीच गेली होती. रिसेप्शनच्या दाराशी पाहुण्यांवर पन्नीर, म्हणजे गुलाबपाणी, शिंपडायला आणि गंध-खडीसाखर द्यायला मुली लागतात, त्यांत ती होती. कामाक्षी आणि तो रिक्षाने निघाले. पगडी टपाला लागत होती, म्हणून तो सगळा रस्ता मान खाली घालून, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसला होता. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, नाटकम का सार? सांबशिवला घाम फुटला होता. नाटकम. म्हणजे मावशींचा तो शब्द तमिळमध्येही तोच. त्याला वाटलं, रिक्षा वळवावी, घरी जावं, वेष्टी नेसावी. अजून वेळ होता. त्याने तोंड उघडलंसुद्धा, पण कामाक्षी त्याच्याकडे बघत होती, आणि या बाईसमोर आता माघार घ्यायची म्हणजे जन्मभर ऐकून घ्यायचं. हॉटेलच्या पायऱ्यांशी उतरल्यावर तो म्हणाला, तूं हो पुढें, मी पगडी नीट करून येतों. कामाक्षी पायऱ्यांकडे बघत, नऊवारीचा काष्टा सावरत आत गेली. तो मागे राहिला.

दार काचेचं होतं, काळं, पुरुषभर उंचीचं. संध्याकाळच्या उजेडात त्यात त्याला आपलं प्रतिबिंब दिसलं. साईच्या रंगाचा अंगरखा, डोक्यावर पगडी. बरा दिसत होता तो. बरा कसला, आजोबाच दिसत होते. त्याने पगडी सरळ करायला हात वर नेला. प्रतिबिंबाने हात वर नेला नाही. ते जागचं हललं, पुढे झालं, आणि त्याने दार उघडलं. दाराआड माणूस होता. मोठ्या मिशांचा, पन्नाशीचा, पलटणीतून आल्यासारखा ताठ. अंगरखा तोच. बंद तेच, काठ तेच, फक्त जर नवी, चकचकीत. पगडी तीच. आणि डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर, चार बोटं रुंद, मोरपिशी हिरवी पट्टी. मशीनवर शिवलेली, दोन्ही बाजूंनी सोनेरी दोरा घातलेली. नक्षी म्हणून. चित्रकाराने इमानदारीने उतरवून घेतली होती, जे दिसलं ते सगळं. जळकी बाही झाकायला फाडलेलं आजीचं लुगडं आता या माणसाच्या हातावर होतं, आणि काउंटरजवळ उभ्या असलेल्या त्याच्याच वेषातल्या दुसऱ्याच्या हातावर होतं, आणि आत कुठेतरी कपाटात घडी घालून ठेवलेल्या आणखी पाच-सहा बाह्यांवर असणार. भिंतीवर चित्र नव्हतं. भिंतीवर नुसतं घड्याळ होतं. अगदी समोर ठेवणार, मॅनेजर म्हणाला होता, आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं. खोटं कुठे बोलला होता तो?

मिशीवाल्याने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि तमिळमध्ये विचारलं, एजन्सीकडून आलास का, आज लग्नाची गर्दी म्हणून एक जादा माणूस पाठवतो म्हणाले होते, इतका उशीर? आणि हा कपडा असा मळका कसा? मग उत्तराची वाट न बघता, त्या बाजूला उभा राहा, म्हणाला. आणि सांबशिव उभा राहिला. का, असं कुणी नंतर विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. नजर त्या हिरव्या पट्टीवरून हलेना. आणि खरं म्हणजे उभं राहणं सोपं होतं. आत जायचं म्हणजे कुणीतरी काहीतरी विचारणार, आणि उत्तर द्यावं लागणार. दाराशी उभ्या माणसाला कुणी काही विचारत नाही. कानशिलं ठणकत होती, घामाने कापराचा वास पुन्हा ओला होऊन नाकात चढत होता. तेवढ्यात पायऱ्यांशी गाडी थांबली. पुण्याची मंडळी मंडपातून कपडे बदलून आली होती. पुढे मावशी, मोरपिशीच शालू, केसांत गजरा, हातात मेकपची पेटी. त्या थेट त्याच्यासमोर आल्या. साखरपुड्याला एकाच पंगतीत बसून त्याच्याशी बोललेल्या बाई त्या. त्याच्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलं, आणि त्यांना चेहरा दिसला नाही.

‘भैया, ये जरा ऊपर हॉल में पहुँचा दो. संभालके.’

पेटी त्याच्या हातात आली. एक शब्द बोलला असता तर पुरलं असतं. ‘अहो’ एवढं म्हटलं असतं तरी. तो पेटी घेऊन जिना चढायला लागला. मागून त्या बोलत येत होत्या, त्यांच्या पुण्याच्या मराठीत, मोकळ्या, सैल मराठीत, जी बोलणाऱ्याला कुठे शिकलात असं कुणी कधी विचारणार नाही. गजऱ्याबद्दल बोलत होत्या, इथल्या उकाड्याबद्दल. आजोबाही असेच चढले असतील का राजवाड्याचे जिने, कुणाचं तरी काही हातात घेऊन? तो पोशाख मानाचा होता असं लहानपणापासून ऐकलं होतं. पण कारकूनच होते ते. उभे राहायचे. बसायला थोडंच मिळत असेल? पट्टीचा हात पाठीमागे घेऊन उभे राहायचे. सांबशिवला एकाएकी त्या म्हाताऱ्याची इतकी दया आली की डोळे भरून आले. दोन्ही हातांत पेटी होती म्हणून ते पुसता आले नाहीत.

हॉलच्या दाराशी चांदीची गुलाबदाणी हातात घेऊन शांभवी उभी होती. तिने आधी पेटी बघितली असणार, मग हिरवी पट्टी, मग चेहरा. मावशींचे यजमान दोन पावलं पुढे होऊन वळले होते, कॅमेरा डोळ्याला लावून, आणि म्हणत होते, अरे वा, दरवान बघा काय झकास, अगदी मराठेशाही, जरा इकडे बघा. मावशींनी पेटी घेतली आणि पर्समध्ये बोटं घातली. नोट बाहेर आली. आणि सांबशिव मनातल्या मनात पोरीला विनवत होता. गप्प राहा. ओळखू नकोस. पन्नीर शिंपड आणि यांना आत जाऊ दे. मी नोट घेतो, खाली जातो, पगडी रिक्षात काढतो, कुणाला कळणार नाही. जन्मभर तमिळ बोल माझ्याशी, पण आत्ता इथे मी तुझा कुणी आहे असं म्हणू नकोस. त्याचा हात पुढे झालासुद्धा.

‘त्यांस पैसे देऊं नका,’ शांभवी म्हणाली. ‘ते माझे अप्पा होत.’

मराठीत म्हणाली. सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत. मावशींनी जीभ चावली. त्या खरोखरच ओशाळल्या. सॉरी, सॉरी हं, म्हणाल्या, मला वाटलं... आणि त्यांनी जिन्याच्या खाली, दाराकडे हात केला. मग त्यांची नजर त्याच्या बाहीवर आली, आणि त्यांनी विचारलं, वाईट हेतूने नव्हे, नुसतं न कळून विचारलं, की मग हा पोशाख, हा असाच, तुमच्या अंगावर कसा? सगळे त्याच्याकडे बघत होते. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला होता. पुन्हा तेच. वाक्य तयार, तोंड बंद. त्याने बाही पुढे केली, हिरव्या पट्टीवर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं, जणू तीच बोलणार होती. शांभवी त्याच्या अगदी जवळ आली. तिच्या अंगाला पन्नीरचा वास येत होता.

‘बाही काय दाखवतां, अप्पा?’ ती हळूच म्हणाली. ‘तोंडानें सांगा.’

सांबशिवने आधी पगडी काढली. कपाळावर तिचा वळ उठला होता, आणि तिथे वारा लागला. पगडी काखेत धरून तो मावशींकडे वळला. ‘हा माझ्या आजोबांचा अंगरखा,’ तो म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून त्याने घसा साफ केला. ‘टेंभ्यानें बाही जळाली, तेव्हां माझ्या आजीनें आपलें लग्नाचें लुगडें फाडून ही पट्टी लाविली. खालीं दारांत उभे आहेत त्यांच्या बाहीसही हीच पट्टी आहे. त्यांस ठाऊक नाहीं.’ ‘लाविली’ या शब्दाला मागे कुणीतरी फिसकन हसलं. सांबशिव थांबला. वर्गात पोरं हसली की तो थांबतो, हसणं पुरतं संपू देतो, आणि मग तेच वाक्य पहिल्यापासून म्हणतो. पंचवीस वर्षांची सवय होती ती. तो कॅमेऱ्याच्या काचेत बघत म्हणाला, ‘आजीनें आपलें लग्नाचें लुगडें फाडून ही पट्टी लाविली.’ आता कुणी हसलं नाही. मावशींनी नोट कधीच मुठीत दडवली होती. त्या काहीतरी म्हणणार होत्या, ‘किती’ एवढं म्हणाल्याही, आणि पुढचं न बोलता त्या बाजूला झाल्या आणि त्यांनी त्याला आत जायला वाट दिली.

तो पुढे झाला तेव्हा शांभवीने गुलाबदाणी उचलली. तिचा हात पोचत नव्हता म्हणून त्याने मान खाली केली. गार थेंब वळावर पडले. भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्च्यांपैकी एक तिने पायाने ओढून त्याच्यामागे आणली, आणि तिला काय म्हणायचं असेल याची वाट बघत तो तसाच उभा राहिला, पगडी काखेत घेऊन.

‘सकाळपासून कॉफी तरी घेतलीत?’ ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग आठवण होऊन तोंडाने म्हणाला, ‘नाहीं.’

‘मी घेऊन येतें,’ शांभवी म्हणाली. ‘तुम्हीं बसून असा.’